बासष्टावं टेबल

बाप सुतार आणि मुलगा टेबलवाला, असं सांगितलं की लोक कौतुकाने म्हणत, वा, घरचा धंदा पुढे चालवलाय पोराने. तसलं काही नव्हतं. बापाची टेबलं लाकडाची, वर चढून माणूस नाचला तरी कुरकुर न करणारी. मुलाची टेबलं हॉस्पिटलच्या कंप्युटरमध्ये होती. त्याने एकदा बापाला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, की त्यात रांगा असतात, रकाने असतात, माणसांची माहिती असते. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग त्याला वही म्हण की. टेबल कशाला म्हणतोस?"

हॉस्पिटलात मात्र सगळे त्याला टेबलवालेच म्हणत. काहीही अडलं की हा म्हणणार, "थांबा, कुठल्या टेबलात आहे ते बघतो," म्हणून ते नाव पडलं. त्याची खोली तळघरात, लाँड्रीला लागून. पलीकडच्या वाळवणी यंत्रांमुळे एक भिंत दिवसभर कोमट असायची आणि तिला पाठ लावून तो बसायचा. चाळिशी ओलांडलेला, जेवणाचा डबा कीबोर्डवरच उघडणारा, एकंदरीत बरा माणूस. आळशी नव्हता. पण ज्या कामाबद्दल कोणी ओरडणार नाही ते उद्यावर ढकलायची सवय होती, आणि ही सवय आळसापेक्षा वाईट.

तर त्या टेबलांचं असं होतं. प्रत्येक रुग्णाला एक नंबर. त्याचं नाव एका टेबलात, रक्तगट दुसऱ्यात, औषधं तिसऱ्यात. पंधरा वर्षांत ज्याने ज्याने हे काम सांभाळलं त्याने कोणी काही मागितलं की जुन्या टेबलात एक रकाना वाढवायचे कष्ट न घेता नवीन टेबल करून दिलं. चष्म्याचं वेगळं, कवळीचं वेगळं, चादर कधी बदलली त्याचंही वेगळं. मग रोज सकाळी वॉर्डात जाणारं रुग्णाचं पान काढायला आणि नातेवाइकांना फोनवर निरोप धाडायला ही सगळी टेबलं त्या एका नंबराच्या दोऱ्यात ओवावी लागत. त्याला जॉइन म्हणतात, आणि त्या लांबलचक मागणीला क्वेरी. आता हे ओवणं काही अमर्याद नसतं. हॉस्पिटलचा डेटाबेस एका क्वेरीत एकसष्ट टेबलं जोडू देई. बासष्टावं जोडलं की सरळ हात वर करी.

दोन वर्षांपूर्वी ती क्वेरी बरोब्बर एकसष्टवर येऊन उभी होती. आणि नेमकं तेव्हाच आहार विभागाला आपलं टेबल त्यात हवं झालं.

"होणार नाही," तो मोठ्या साहेबांना म्हणाला. "एकसष्टच्या वर जात नाही."

"एकच तर वाढतंय," साहेब म्हणाले. "बासष्ट करा."

"बसमध्ये उभ्याने न्यायचंय का सर? नाही म्हणजे नाही."

"मग एकाला उतरवा. सोमवारी मला पानावर आहार दिसला पाहिजे."

खरा उपाय त्याला ठाऊक होता. क्वेरीचे दोन तुकडे करायचे, पहिल्याचं उत्तर बाजूला मांडून ठेवायचं आणि दुसरा त्याला जोडायचा. तपासून बघण्यासकट आठवडाभराचं काम. हातात होते दोन दिवस. म्हणून तो कोणाला उतरवायचं ते बघायला लागला. चष्म्याला हात लावला तर डोळ्यांचे डॉक्टर स्वतः तळघरात उतरून बोलून गेले. कवळीचं नुसतं नाव काढलं तर दातांच्या बाई तासभर फोन ठेवीनात. चादरींमागे मेट्रन उभी, आणि मेट्रनला साहेबसुद्धा टरकून असत. शेवटी त्याला एक टेबल असं सापडलं, की ज्याचा कैवार घ्यायला कोणीच नव्हतं. त्याचं नाव होतं 'दुसरा संपर्क'. भरतीच्या वेळी रुग्ण पहिला नंबर देतो. तो लागला नाही तर दुसरा. आदल्या वर्षभरात ह्या दुसऱ्या नंबराची गरज चार वेळा पडली होती. फक्त चार. त्याने त्या ओळीपुढे दोन आडव्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की ओळ दिसत राहते, पण मशीन तिला वाचत नाही. शेजारी त्याने लिहिलं, 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करणे.' सोमवारी पानावर आहार दिसला आणि साहेबांनी पेढे मिळाल्यासारखी मान डोलावली.

तो पुढचा आठवडा दोन वर्षं आला नाही.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला चौथ्या मजल्याच्या सिस्टर तळघरात आल्या. उंच, दणकट बाई. सहसा फोनवरच झापायच्या, खाली येत नसत.

"अहो टेबलवाले, तुम्ही ते निरोप कुठं पाठवता? खड्ड्यात?"

"काय झालं, सिस्टर?"

त्यांनी एक पान त्याच्यासमोर आपटलं. "बावीस नंबरचे काका. हृदय थकलंय त्यांचं, फार दिवस नाहीत. अकरा दिवस झाले येऊन. पानावर बघा, 'नातेवाइकांना निरोप: पाठवला'. रोज विचारायचे मला, गेला ना हो निरोप? मी आपली रोज सांगायचे, गेला की काका, पहिल्याच दिवशी गेला. भेटीची वेळ झाली की दाराकडे तोंड करून बसायचे. कोण्णी आलं नाही."

"नसेल यायचं एखाद्याला."

"तेच वाटलं मला. आणि त्यांनाही. परवा मला म्हणतात, आता पुन्हा कळवू नका, त्याला त्रास होईल. अहो, स्वतःचं मरण म्हणजे मुलाला त्रास! पण आज सहज पहिला नंबर मीच लावून बघितला, तर तो बंद. पानावर लिहिलंय, शेजारच्या काचवाल्याचा आहे म्हणून. मग मुलाला कळवलं कोणी? मुलाचा नंबर माझ्या पानावर नाहीच."

चूक कुठे असणार ते टेबलवाल्याला लगेच कळलं. एका जरी नंबराला संदेश सुटला की पानावर 'पाठवला' उमटत असे. बंद फोनला सुटला तरी उमटत असे. आणि दुसरा नंबर तर त्याच्याच दोन रेघांमागे अडकून पडला होता.

"दोन मिनिटं द्या," तो म्हणाला. "कुठल्या टेबलात आहे ते माहितीये मला."

पानावरचं नाव न वाचताच त्याने 'दुसरा संपर्क' सुटंच उघडलं आणि बावीस नंबरच्या कॉटवरचा रुग्ण शोधला. एकच ओळ आली. नातं, मुलगा. पुढे दहा आकडे. स्वतःचा फोन नंबर माणूस दुसऱ्याला सांगतो, वाचत कधी नाही; म्हणून त्याला ओळखायला वेळ लागला. त्याने तो दोनदा वाचला. मग खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला, जणू आता तरी तो वाजेल.

"सापडला का?" सिस्टरांनी विचारलं.

"सापडला."

"मग लावा ना फोन."

"मीच आहे तो," टेबलवाला म्हणाला.

लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता. तो जिन्याने निघाला आणि सिस्टर मागून. बाप त्याच्या डोक्यावर चार मजले, अकरा दिवस. आणि हा खाली कोमट भिंतीला टेकून डबा खात होता. बापाला मुलगा ह्या हॉस्पिटलात आहे हेही ठाऊक नव्हतं. 'कंप्युटरमध्ये असतो' एवढंच ठाऊक. सहा वर्षं दोघं बोलले नव्हते.

ते का बोलले नव्हते, हे सांगायला फार वेळ लागत नाही. आई गेली तेव्हा बापाने त्याला सकाळी सात वेळा फोन केला होता आणि हा संध्याकाळी पोचला, आई संपल्यावर. "सर्व्हर बंद पडला होता, फोन बघितलाच नाही," असं तो म्हणाला. त्याआधीही कधी नेटवर्क नसायचं, कधी बॅटरी संपायची, कधी मेसेज मिळायचाच नाही. बाप ऐकून घ्यायचा. त्या दिवशी मात्र त्याने हातातली पातळ चादर आईच्या पायांवर नीट केली आणि म्हणाला, "तुझ्या मशीनला सांग, आई गेली म्हणून." नंतर तो काहीच बोलला नाही. मुलानेही बापाला फोन केला नाही. आज करू, उद्या करू.

तिसऱ्या मजल्यावर त्याला दम लागला. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. बाप जायच्या आत त्याला हे कळलं पाहिजे, की निरोप मला मिळालाच नव्हता.

बावीस नंबरची कॉट खिडकीशी होती. बाप उशांना टेकून बसवलेला. त्याच्यातलं सगळं आटलं होतं, फक्त हात तेवढेच राहिले होते, रुंद, नखं सपाट झालेले. त्याने मुलाकडे बघितलं. चेहऱ्यावर राग दिसला नाही, आणि मुलाला राग असता तर बरं वाटलं असतं.

"आलास?"

"बाबा, मला निरोप मिळालाच नाही."

"असू दे."

"खरंच नाही मिळाला. मी इथेच काम करतो, खाली तळघरात. माझ्याच सिस्टीममधली चूक आहे. आत्ता पाच मिनिटांपूर्वी कळलं."

"अरे, असू दे म्हटलं ना." बाप हसला. वाहतुकीत चरा पडला म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायचा तसं, वाद न घालता. "आलास, झालं."

"काका, खरं सांगतायत ते," सिस्टर मध्ये पडल्या. "मी स्वतः बघितलं."

"तुम्हीपण घ्या त्याची बाजू," बाप म्हणाला. त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी त्याने शेजारच्या कॉटवरच्या माणसाला मुद्दाम सांगितलं, "मुलगा माझा. कंप्युटरमध्ये असतो. फार काम असतं त्याला."

त्या दुपारी त्याने आणखी तीनदा सांगून बघितलं. प्रत्येक वेळी बापाने मान डोलावली आणि प्रत्येक वेळी मुलाला कळलं, की ह्याचा विश्वास बसलेला नाही. कसा बसेल? निरोप मिळाला नाही, मशीनची चूक झाली, ही वाक्यं त्याने आधी इतकी वापरून ठेवली होती की आता खरं सांगायला एकही कोरं वाक्य शिल्लक नव्हतं. भेटीची वेळ संपली तेव्हा तो पायऱ्यांवर बसला आणि रडला. येणारेजाणारे बाजूने गेले. हॉस्पिटलात रडणाऱ्याकडे कोणी बघत नाही, ही एक सोय असते.

मग तो खाली गेला आणि जे काम दोन वर्षं झालं नव्हतं ते करायला बसला. क्वेरीचे दोन तुकडे केले, पहिल्या तुकड्यात तीस, दुसऱ्यात उरलेली सगळी, 'दुसरा संपर्क' धरून. आठवड्याचं काम म्हणून ज्याचा बाऊ केला होता ते दीड दिवसात झालं. साहेबांनी फोनवर विचारलं, एवढं काय तातडीचं? तो म्हणाला, "एकाला उतरवलं होतं सर, त्याला परत घेतोय." साहेबांना काही कळलं नाही. जुनी क्वेरी पुसायच्या आधी त्याने तिची छापील प्रत काढली. चार पानं भरली. ती घेऊन तो वर गेला.

"हे काय?" बापाने चष्मा मागितला.

"माझं काम. ह्यातूनच निरोप जातात."

बापाने पानं एकेक करून उलटली. एकही शब्द कळण्यासारखा नव्हता, तरी फळीवरून हात फिरवावा तसा तो ओळींवरून बोट फिरवत होता. "एवढं सगळं तू लिहिलंस?"

"सगळं नाही. बरंचसं."

"सरळ आलंय." मग थोडा श्वास घेऊन त्याने विचारलं, "ह्यात मी कुठं आहे?"

मुलाने तिसरं पान काढलं आणि दोन आडव्या रेघांच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही दिलेला माझा नंबर इथून यायचा. ही ओळ मी काढली. एकसष्टच टेबलं मावतात, एक नवीन आलं, म्हणून एक काढावं लागलं."

"हेच का काढलंस?"

"बाकीच्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी भांडायला आलं. ह्याचं कोणी नव्हतं. आणि फारसं वापरात नव्हतं."

बापाने त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मलाही टेबलाचा एखादा पाय काढायचा असता तर भिंतीकडचाच काढला असता." त्याने वर बघितलं आणि मुलाला दिसलं, की आता ह्याला पटलंय. हातात धरता येणारी वस्तू होती, तिच्यात चूक दाखवता येत होती, आणि कारागिराला तेवढं पुरतं. पण त्याच क्षणी बापाच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी आलं, घाबरल्यासारखं.

"मग तेव्हाही..." बाप थांबला. "आईच्या वेळी. तेव्हाही खरंच बंद होता का रे तुझा सर्व्हर? मी आपला सहा वर्षं उगाच..."

मुलाच्या तोंडात 'हो' तयार होता. एवढासा शब्द. पण तो म्हणाला असता तर बापाने सहा वर्षांचा सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला असता आणि तो घेऊनच गेला असता. बापाने त्याची माफीसुद्धा मागितली असती कदाचित. तेवढं मात्र ह्याला सोसलं नसतं.

"नाही बाबा," तो म्हणाला. "तेव्हा काही बंद नव्हतं. फोन बघितला मी. सातही वेळा. वाटलं, संध्याकाळी करू."

बापाने चष्मा काढला. चार पानं एकावर एक ठेवून कडा जुळवल्या आणि उशीखाली सरकवली. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूंटूं आवाज बराच वेळ येत राहिला.

"ती विचारत होती तुला," बाप शेवटी म्हणाला. "मी सांगितलं, निघालाय."

 मुलाने मान हलवली आणि बापानेही ती तशीच हलवली.  भेटीची वेळ संपल्यावर सिस्टर आत आल्या, दोघांकडे बघितलं आणि त्याला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापाचा श्वास बदलला. डॉक्टर आले, नळी तपासली, सिस्टरांना हळू आवाजात काही सांगून गेले, आणि सिस्टरांनी दाराजवळच्या कंप्युटरवर ते भरलं. मुलगा कॉटशेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या खिशात फोन थरथरला.

बापाचे डोळे मिटलेलेच होते. "कामाचा असेल," तो म्हणाला. "बघ."

त्याने बघितला. 'आपल्या रुग्णाची प्रकृती गंभीर आहे. कृपया त्वरित वॉर्डमध्ये यावे.' हे वाक्य त्याने स्वतःच कधीतरी लिहून ठेवलं होतं.

"कामाचा नाही, बाबा. तुमचा निरोप आहे."

"मिळाला?"

"मिळाला."

"मग ये," बाप म्हणाला.

तो तिथेच होता. तरी उठला, कॉटला टेकेपर्यंत खुर्ची पुढे ओढली, आणि बापाचा हात दोन्ही हातांत घेऊन बसला. पाच वाजायच्या आत सगळं संपलं.